आधी टाच टेकते

सकाळी तबेल्यात शिरले की मैनाला हाक मारण्याआधी मी खाली बसते. तिच्या पुढच्या पायाला, खुराच्या वर जो सांधा असतो त्याच्या मागच्या कडेला दोन बोटं टेकवते आणि थांबते. तिथे कातडीखालून खुराकडे जाणारी रक्तवाहिनी असते. निरोगी घोड्याची तिथली नाडी सापडायलाच वेळ लागतो. बोटं जरा वर, जरा खाली सरकवावी लागतात, स्वतःचा श्वास रोखावा लागतो, आणि मग कुठे एक पुसटशी हालचाल जाणवते. खुराच्या आत आग पेटलेली असेल तर मात्र काही शोधावं लागत नाही. ठोके बोटांवर येऊन आपटतात. गेले चौदा महिने माझा प्रत्येक दिवस या दोन बोटांनी सुरू होतो. नाडी चटकन सापडली नाही की माझा सगळा दिवस हलका जातो.

मैना सोळा वर्षांची आहे. अंग तांबूस तपकिरी, आयाळ काळी, स्वभाव मानी. आजारी पडण्यापूर्वी ती इतकी भरलेली होती की येणारेजाणारे थांबून बघत. मानेच्या वरच्या कडेला, आयाळीच्या मुळाशी, चरबीची जाड वळी होती. शेपटीच्या दोन्ही बाजूंना हात ठेवला तर उशीवर ठेवल्यासारखा वाटे. फासळ्या बोटांनी दाबूनही लागत नसत. मला ते सगळं सौंदर्य वाटायचं. काम अडलं की आपण 'घोडं कुठं पेंड खातंय' असं विचारतो. माझ्या घरी त्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः गव्हाणीत होतं. मी प्रेमाने भरत होते आणि ती खात होती.

मग एके सकाळी ती वेगळीच उभी दिसली. पुढचे दोन्ही पाय समोर ताणलेले, मागचे पोटाखाली ओढून घेतलेले, सगळा भार मागे रेलून टाकलेला. हाक मारली तर तिने मान वळवली, पाय हलवला नाही. वैरण दोन पावलांवर होती, तरी ती गेली नाही. खाण्यापुढे कशालाही न जुमानणारी माझी घोडी दोन पावलांचा हिशेब करत उभी होती, हे चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

डॉक्टरांनी लॅमिनायटिस म्हणून सांगितलं, आणि मग क्ष-किरण फोटो समोर धरून खुराच्या आत काय असतं ते समजावलं. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. बोटाचं शेवटचं हाड खुराच्या तळावर नुसतं ठेवलेलं नसतं, ते खुराच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं. कशाने? अळंबीच्या छत्रीखाली दिसतात तशा उभ्या, नाजूक पापुद्र्यांनी. एका खुरात असे साधारण ५५० ते ६०० मुख्य पापुद्रे असतात आणि त्यातल्या प्रत्येकाला पुन्हा शंभराहून जास्त बारीक पापुद्रे फुटलेले असतात. हाडाकडचे आणि भिंतीकडचे पापुद्रे एकमेकांत गुंतून बसतात. चारशे किलोची घोडी या गुंत्याच्या जोरावर उभी राहते, धावते, उडी मारते, आणि उभी असताना त्यातलं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. गुंता सैल पडला तरी हाडाला मागून ओढणारी कंडरा आपला ताण सोडत नाही. मग हाड खुराच्या आत टोकाकडून खाली झुकू लागतं. फोटोत मैनाचं हाड झुकलेलं होतं. फार नाही, पण मला ती रेघ बघवली नाही.

हा आजार पोटातल्या मोठ्या बिघाडातूनही होतो, आणि एक पाय जायबंदी झाला की सगळा भार पेलणाऱ्या दुसऱ्या पायातही होतो. मैनाच्या आजाराची वाट इन्शुलिनमधून गेली होती. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी धडधाकट पोनींच्या रक्तात इन्शुलिनची पातळी बराच वेळ खूप चढी ठेवली. रक्तातली साखर त्यांनी नेहमीच्या पातळीवरच राखली होती. तरीही तीन दिवसांच्या आत त्या पोनींना लॅमिनायटिस झाला. म्हणजे सतत चढलेलं इन्शुलिन एवढं एकच कारण खुराला पुरतं. पापुद्र्यांतल्या पेशी लांबट होत जातात आणि त्यांची पकड सुटते. माझ्या घोडीच्या रक्तात प्रत्येक घासागणिक ते इन्शुलिन उसळत होतं, आणि मी बाहेरून तिची चकाकणारी कातडी बघत होते.

खाण्याच्या शिस्तीबद्दल फार लिहीत नाही. चंदी बंद झाली, कुरणातलं हिरवं गवत बंद झालं. वाळलेली वैरण तोलून, दिवसाला तिच्या वजनाच्या दीड टक्का, म्हणजे सहा किलो. तीही पाण्यात भिजवून, कारण पाण्यात तिच्यातली बरीच साखर उतरते. ते पाणी ओतून द्यायचं, तिच्या तोंडी लागू द्यायचं नाही. लवकर वजन उतरावं म्हणून उपाशी ठेवायची चूक करायची नाही, कारण स्थूल घोड्याचं पोट अचानक रिकामं ठेवलं तर शरीरातली चरबी रक्तात लोटते आणि जीवावर बेतू शकतं. वय पाहता यामागे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा आजार तर नाही ना, तोही तपासून घेतला. तो निघाला नाही. हे सगळं कष्टाचं होतं, पण सरळ होतं. तराजू होता, आकडा होता, तो पाळायचा होता.

सरळ नव्हतं ते चालवणं.

पहिल्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले होते, "ताई, हिला चालवल्याशिवाय ही खरी बरी होणार नाही. आणि आत्ता हिला एक पाऊलही चालवायचं नाही." दोन्ही वाक्यं खरी होती. स्नायू हलतात तेव्हा ते रक्तातली साखर इन्शुलिनची वाट न बघता आत ओढून घेतात, आणि नियमित व्यायाम असेल तर शरीर थोड्या इन्शुलिनवर भागवायला शिकतं. तो फायदा साठवूनही ठेवता येत नाही, व्यायाम थांबला की ओसरत जातो. म्हणजे औषध चालण्यातच आहे. पण ते औषध ज्या पायांनी घ्यायचं त्याच पायांना दुखापत झालेली. सुटलेल्या पापुद्र्यांवर प्रत्येक पाऊल म्हणजे आणखी एक हिसका. आजाराचं मूळ चालायला सांगतं आणि त्याची जखम थांबायला सांगते. या दोघांच्या मध्ये आपण दोर हातात धरून उभे असतो.

मी घाई केली. ते लिहिलं पाहिजे.

पाचवा आठवडा होता. वेदनाशामक औषध सुरू होतं आणि मैना चांगली दिसत होती. कान उभे, डोळ्यांत तेज, मला बघून हुंकार. तबेल्याच्या दारातून ती बाहेर बघत राहायची आणि मला वाटायचं, ही विचारते आहे. मी मोहरकी चढवली आणि तिला बाहेर काढलं. पंधरा मिनिटं चाललो. ती माझ्या पुढे होती, मान हलवत, अगदी पूर्वीसारखी. दुसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्या सकाळी ती आडवी पडलेली होती. उठवायला गेले तर उठली, आणि पुन्हा तशीच मागे रेलून उभी राहिली, पुढचे पाय लांब ताणून. नाडी शोधावी लागली नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी खुरांवर हात फिरवला, औषधाचा डबा उचलून बघितला आणि शांतपणे विचारलं, "ताई, ती चालत होती, की हे औषध चालत होतं?"

वेदना बंद होणं आणि जखम भरणं या दोन गोष्टी मी एक धरल्या होत्या. वेदनाशामकाने तिला सुखाने उभं राहू दिलं, झोपू दिलं, खाऊ दिलं. ते हवंच होतं, जनावराला दुखत ठेवून कुणी बरं करत नाही. पण त्याच वेळी त्याने तिच्या तोंडातून 'नको' हा शब्द काढून घेतला होता. आणि 'नको' म्हणू न शकणाऱ्या जनावराला मी फिरवून आणलं होतं. त्या पंधरा-पंधरा मिनिटांची किंमत तिने पुढचे दोन महिने तबेल्यात उभं राहून मोजली. तिच्या पायाखाली भुशाचा जाड थर होता, खुरांच्या तळाला मऊ गाद्या बांधलेल्या होत्या, आणि मी रोज संध्याकाळी तिच्या मानेला टेकून उभी राहत असे. मी माफी कशी मागावी हे तिच्या भाषेत मला येत नव्हतं. खरारा करत राहायचे.

पुन्हा सुरुवात करायची ती कधी, याच्या अटी यावेळी डॉक्टरांनी कागदावर लिहून दिल्या. वेदनाशामक पूर्ण थांबलेलं हवं, आणि थांबल्यावर कित्येक दिवस ती आपणहून आरामात वावरलेली हवी. नाडी मंद, खूर गार. तबेल्यातल्या तबेल्यात वळताना पाय आखडता कामा नये, कारण सरळ चालीत लपलेलं दुखणं वळणावर बाहेर येतं. नव्या क्ष-किरण फोटोत हाड आहे तिथेच हवं. आणि शेवटची अट: इन्शुलिन पुन्हा मोजून खाली आलेलं हवं. मूळच पेटलेलं असताना वर खुरांची कितीही काळजी घेतली तरी व्यर्थ. यातली एकही अट तारखेची नव्हती. मी कॅलेंडर बघायचं सोडलं आणि घोडी बघायला लागले.

चौथा महिना संपताना पहिला दिवस उगवला. पाच मिनिटं. खुरांना आतून गादी असलेले बूट, तबेल्यासमोरची सपाट, दाबलेल्या मातीची पट्टी, आणि मी. जमीन कशी हवी याचाही एक धडा होता. मला वाटे, जितकी मऊ तितकी चांगली. पण उभं राहायला वाळू सुखाची असली तरी चालायला खोल वाळू वाईट, तिच्यातून पाय उपसताना कंडरांवर ताण येतो. दगडगोटे तर नकोतच, आजारानंतर तळवा पातळ झालेला असतो. घट्ट पण पावलाखाली किंचित दबणारी माती सगळ्यांत बरी.

आणखी एक गोष्ट मला त्या पाच मिनिटांत उमगली, कुणी सांगितली नव्हती. लांब जायचं नाही. दूर नेलेलं प्रत्येक पाऊल परतही आणावं लागतं. अर्ध्या वाटेत ती थांबली तर राहिलेली अर्धी वाट तिला दुखऱ्या पायांनीच तुडवावी लागणार. म्हणून आम्ही तबेल्याच्या आसपासच येरझाऱ्या घालायचो. कधीही थांबावं आणि घर वीस पावलांवर असावं. टोकाला वळताना मी मोठी वाटोळी कमान घ्यायचे, कारण आखूड वळणात सगळा पीळ आतल्या बाजूच्या खुरावर येतो. गोलात फिरवणं, दोरीवर फिरवणं, हे सगळं कित्येक महिने वर्ज्य होतं.

त्या दिवशी ती कशी चालली याचा निकाल त्या दिवशी लागत नाही. तो दुसऱ्या सकाळी लागतो, त्या दोन बोटांखाली. नियम असा ठरला की चोवीस तासांनी नाडी शांत, खूर गार आणि चाल मोकळी असेल तरच पुन्हा पाच मिनिटं. असा पूर्ण आठवडा गेला तर पाचाची दहा. एका सकाळीही शंका आली तर एक पायरी मागे. मी वही केली. तारीख, मिनिटं, जमीन, नाडी, आणि एक रकाना फक्त तिच्या मर्जीचा. दारातून उत्साहाने निघाली की मला ओढावं लागलं? पूर्वी घोडी अडली की मी तिला हट्टी म्हणायचे. आता ती अडली की मी वहीत लिहिते आणि आत नेते. तिचं 'नको' मला परत मिळालं होतं, ते मी पुन्हा गमावणार नव्हते.

या सगळ्यात खूर स्वतःच दिनदर्शिका होता. खुराची भिंत वरून, केसांची रेघ संपते तिथून, खाली वाढत येते. महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. आजार झाला त्या काळाचं खोल वळ्यासारखं वलय तिच्या खुरावर उमटलं होतं. पुढे अरुंद, टाचेकडे रुंद होत गेलेलं. वलयाच्या खालची भिंत जुनी, सैल झालेली. वरची नवी, घट्ट धरून वाढणारी. सुटलेला गुंता होता तिथेच पुन्हा शिवला जाईल ही आशा धरायची नसते. नवी भिंत वरून धड उतरत यायची आणि जुनी खाली सरकत कापली जायची वाट बघायची. टोकाशी हे पुरं व्हायला नऊ महिने ते वर्ष लागतं.

नालबंदकाका दर चार-पाच आठवड्यांनी यायचे. खुराचं लांबलेलं टोक मागे घ्यायचे, म्हणजे पाऊल उचलताना टोकाशी तरफ बसून सैल भिंत आणखी उचकटणार नाही. बोलणं कमीच. एकदा मी विचारलं, "काका, आता बरं आहे ना?" त्यांनी अंगठा आणि तर्जनीच्या मापाने नवी भिंत मोजून दाखवली. "एवढं बरं आहे, ताई." दोन बोटांमधलं ते अंतर तेव्हा जेमतेम पाच सेंटिमीटर होतं. त्या दिवसापासून तेच माझं उत्तर झालं. कुणी विचारलं की मीही बोटं दाखवायचे.

सातव्या महिन्यात वीस मिनिटांवर पोचलो होतो आणि एका सकाळी ती तीन पायांवर उभी दिसली. माझ्या हातापायांतलं बळच गेलं. वही उघडून मी कालची, परवाची, त्याच्या आधीची नोंद वाचत राहिले, कुठे चुकले ते शोधत. डॉक्टरांनी फोनवर एकच विचारलं, "एक पाय की दोन्ही?" एकच होता, डावा पुढचा. लॅमिनायटिस बहुतेक वेळा दोन्ही पुढचे पाय धरतो. हा होता खुरातला गळू. जुन्या, सैल पट्ट्यात मेलेल्या पेशींचा साठा राहतो, तिथे पू धरतो. बरं होण्याच्या वाटेवर असे गळू पुष्कळांना होतात. नालबंदकाकांनी तळाशी छोटीशी वाट करून दिली, काळपट पू निघाला, आणि दुसऱ्या दिवशी ती त्या पायावर टेकून वैरण खात होती. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसून रडले. आम्ही पुन्हा पाच मिनिटांपासून सुरुवात केली. यावेळी मला त्याचं दुःख झालं नाही.

टाच टेकण्याची गोष्ट नवव्या महिन्यातली. निरोगी घोडा सपाट जमिनीवर चालताना पाऊल टाचेवर किंवा सपाट टेकवतो. खूर दुखरा असेल तर चाल बदलते. मैना इतके दिवस पाऊल टाकायची तेव्हा त्यात एक अंदाज असायचा, जमिनीला विचारून मग भार टाकल्यासारखा, आणि प्रत्येक पाऊल वेगळं. कधी सपाट, कधी कड आधी. मी फोनवर संथगती चित्रफिती काढायचे, रात्री पुन्हा पुन्हा बघायचे. त्या दिवशी मात्र बघण्याआधी कानांनीच सांगितलं. बूट काढून आम्ही मातीच्या पट्टीवर होतो. सावकाश चालीला चार ठोके असतात, प्रत्येक पावलाचा वेगळा. इतके महिने त्यातले दोन कच्चे यायचे, घाबरत टेकलेले. त्या दिवशी चारही एकसारखे आले. मी डोळे मिटून दोर सैल सोडून तिच्या बाजूने चालत राहिले. घरी येऊन चित्रफीत पाहिली. आधी टाच टेकत होती, मग खूर पुढे सपाट होत होता. टाचेकडची ती लवचीक गादी दबून पुन्हा फुलताना दिसत होती.

मग वेग आला असं नाही, पण धीर आला. पंचवीस मिनिटं, तीस, पुढे एक सौम्य चढ. चढावर मागच्या पायांना काम पडतं, आणि तिच्या मागच्या भागाचे स्नायू तबेल्यात उभं राहून पार उतरले होते. मी लांब लगाम धरून तिच्या मागून चालायला शिकले. पाठीवर भार न टाकता तिला सरळ चालवता येतं आणि तिलाही पुढचा रस्ता स्वतः बघता येतो. वजन उतरून तीनशे साठवर आलं. मानेची वळी आता मऊ पडली आहे, फासळ्या बोटांना लागतात. पूर्वीचे बघे आता थांबत नाहीत.

२०१९ साली युरोपातल्या तज्ज्ञ पशुवैद्यांनी अशा घोड्यांसाठी व्यायामाची किमान मर्यादा मांडली आहे. लॅमिनायटिस होऊन गेलेल्या, पण पापुद्रे सावरून स्थिर झालेल्या घोड्याने मऊ जमिनीवर, पाठीवर स्वार न घेता, वेगवान दुडकी ते कँटर (दुडकीहून वेगाची चाल) अशा चालीने तीस मिनिटांहून जास्त, आठवड्यातून तीनदांहून अधिक व्यायाम करावा. हृदयाचे ठोके मिनिटाला ११० ते १५०. विसाव्यात घोड्याचे ठोके २८ ते ४४ असतात, त्यावरून या श्रमाचा अंदाज यावा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यातला आकडा वाचला होता. आता वाचते तेव्हा 'सावरून स्थिर झालेल्या' या शब्दांवर थांबते. त्या तीन शब्दांत आमचं सगळं वर्ष गेलं.

गेल्या महिन्यात नालबंदकाकांनी खूर घासता घासता हात थांबवला आणि मला जवळ बोलावलं. ते वलय खुराच्या टोकाशी येऊन पोचलं होतं. कानशीचे आणखी चार हात मारले आणि ते भुकटी होऊन जमिनीवर पडलं. त्यांनी अंगठा आणि तर्जनी केसांच्या रेघेपासून थेट जमिनीपर्यंत ताणली. काही बोलले नाहीत. मैना मान खाली घालून त्यांच्या पाठीवर नाक घासत होती.

परवा चढ संपून सपाटीला आलो आणि ती आपणहून दुडकीत शिरली. पाच-सहा पावलं, मी सांगितलं नसताना. मी लगाम ओढला नाही, फक्त "हळू, मैना" म्हटलं, आणि ती आपसूक चालीवर आली. डॉक्टरांशी बोलणं झालं. ते म्हणाले, सुरू करायला हरकत नाही, पण तुकड्यातुकड्यांनी. वहीत उद्याच्या तारखेपुढे मी लिहून ठेवलंय: दुडकी, एकेक मिनिट, तीनदा, मध्ये सावकाश चाल. आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने: सकाळची नाडी पाहून.